टेक्निकलच्या रात्री रडू आलं, ताई

गेल्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की नटाला आपलं नाटक खरं भेटतं ते टेक्निकलच्या, म्हणजे लाइट, म्युझिक, सेट नटांना जोडून बघायच्या तालमीच्या, रात्री, आणि झालं, या महिन्यात पत्रांचा नि मेसेजचा ढीग पडलाय. राज्य नाट्य स्पर्धेचा सीझन तोंडावर आलाय, रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत शाळांच्या वर्गांत रात्री नऊनंतर तालमी चालल्यात, त्यामुळे हे होणारच होतं. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, ज्यात जीव आहे ती पत्रं घेतलीत. नावं कुणाचीच टाकत नाही, कारण अर्ध्या पत्रांत दिग्दर्शकाच्या तक्रारी आहेत आणि आपल्याकडे कोण कुणाचा मामेभाऊ निघेल सांगता येत नाही.

प्रश्न : ताई, मी देवरुखची, कॉलेजला आहे, पहिलंच दोन अंकी नाटक करतेय. तालमीत सगळे म्हणायचे छान करतेस. पण परवा टेक्निकल झाली, संध्याकाळी सहा ते रात्री दोन, आणि मला काहीच जमलं नाही. दर दोन वाक्यांनी थांबा, मागे जा, परत घ्या. माझा रडण्याचा सीन अकरा वेळा घेतला, बाराव्या वेळी मी खरंच रडले पण तेव्हा कुणी बघतच नव्हतं, सगळे वर लाइटकडे बघत होते. घरी आल्यावर वाटलं भूमिका हातातून गेली. प्रयोग चार दिवसांवर आलाय.

उत्तर : अगं बाय, आधी हे सांग, त्या रात्री जेवली होतीस का? सहा ते दोन म्हणजे आठ तास, आणि मला खात्री आहे की एक वडापाव आणि चार कप चहावर काढलेस. रडू त्याचंही असतं.

भूमिका कुठेही गेलेली नाही. तुम्ही महिना-दीड महिना तालीम केलीत ती शाळेच्या वर्गातच ना, बाकं भिंतीला लावून? वर्ग असतो वीस-बावीस फुटांचा. स्टेजची उघडी बाजू तीस फूट, कुठे त्याहून जास्त. म्हणजे दारापासून खुर्चीपर्यंत वर्गात तू पाच पावलांत पोचायचीस आणि वाक्य बरोबर पाचव्या पावलाला संपायचं, आता वाक्य संपतं आणि खुर्ची अजून तीन पावलं लांब. ती तीन पावलं तू रिकामी चालतेस आणि तेवढ्यात तुझं लक्ष स्वतःकडे जातं, हात कुठे ठेवू, मान कुठे वळवू. त्यात तालमीतली प्लास्टिकची खुर्ची जाऊन खरी लाकडी आलीय, जड, ओढली की किरकिरते. त्यात लेव्हल, म्हणजे स्टेजवरचा चौथरा, आलीय फूटभर उंच, म्हणजे पदर सावरत चढायचं. एका रात्रीत इतकं बदललं तर कुणाचंही गणित चुकेल, माझं तीस वर्षांनी अजून चुकतं.

उपाय एकदम साधा आहे आणि तो कुणी करत नाही. सेट उभा राहिला की, लाइटवाले शिडीवर असतानाच, पंधरा मिनिटं एकटीने त्या घरात फिर. संवाद नाही, काही नाही. प्रत्येक खुर्चीवर बसून बघ, दार उघडून बघ ते आत उघडतं की बाहेर, पायरीवर चढून उतरून बघ, पावलं मोज. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी रत्नागिरीला सावरकर नाट्यगृहात जाणार असशील तर तिथे तर हे हवंच, कारण तो रंगमंच तुमच्या टेक्निकलच्या हॉलपेक्षा परत वेगळा लागणार आणि आदल्या दिवशीचं स्टेज दुसऱ्याच मंडळाचं असणार.

आता रडण्याचं. आपल्याकडे तांत्रिक तालीम आणि रंगीत तालीम यात फार घोळ आहे. रंगीत तालीम म्हणजे प्रयोगासारखीच, कपडे, मेकअप, न थांबता. तांत्रिक म्हणजे लाइट, म्युझिक, सेटचे बदल नटांना जोडून बघायचे, त्यात थांबणं हेच काम. पण हौशी मंडळांना हॉलचं भाडं परवडत नाही म्हणून दोन्ही एकाच रात्रीत उरकतात आणि मग नटाला कळत नाही आत्ता जीव ओतायचा की नुसतं उभं राहायचं. सुरुवातीलाच दिग्दर्शकाला विचारायचं, दादा आत्ता पूर्ण करू की खुणेपुरतं? लाइटसाठी थांबलेत तर अर्ध्या आवाजात बोल, अकरा वेळा खरं रडायची काही गरज नव्हती गं, गळा बसला असता तर प्रयोगाला काय केलं असतंस. म्युझिकवाला आवाज सेट करत असेल तेव्हा मात्र पूर्ण आवाजात बोल, कारण तो तुझ्या आवाजाखाली बासरी किती ठेवायची हे ठरवतोय, तू कुजबुजलीस तर प्रयोगात बासरी ऐकूच येणार नाही.

आणि अर्ध्या आवाजात बोललीस तरी जागा, वेळ आणि शब्द यात अर्धं काही नाही, ते पक्कंच. शब्द का ते सांगते. आपली मराठी लवचिक, "तो आता परत येणार नाही" हेच आपण "येणार नाही तो परत आता" असंही म्हणून जातो, अर्थ तोच. पण लाइट ऑपरेटरने वहीत लिहिलंय की "नाही" या शब्दावर ब्लॅकआउट. एका प्रयोगात माझ्याच मैत्रिणीने भावनेच्या भरात वाक्य फिरवलं, "येणार नाही" म्हणाली आणि अंधार झाला, उरलेलं "तो परत आता" तिने काळोखात म्हटलं, प्रेक्षक हसले. शोकांतिका होती. ज्या वाक्यावर क्यू, म्हणजे लाइट किंवा म्युझिक बदलायची खूण, आहे ते वाक्य संहितेत जसं आहे तसंच म्हणायचं, बाकीच्यात काय ती गंमत कर.

लाइट घेण्याबद्दल तू विचारलं नाहीस पण सांगते. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की गालावर ऊब लागली की समज तू लाइटमध्ये आहेस. हॅलोजनच्या पार दिव्याचं ते खरं होतं, हजार वॉटचा, तापायचाच. आता बऱ्याच ठिकाणी एलईडी आलेत, त्यांची ऊब लागत नाही, आणि माझ्यासारखी जुनी माणसं ऊब शोधत काळोखात उभी राहतात. आता दुसरी खूण धरायची, आपल्या जागेवर उभं राहून समोरच्या दिव्याची काच कुठे दिसते ते टेक्निकलला बघून ठेव, ती जिथून नीट दिसते तिथे तुझा चेहरा उजेडात आहे.

चार दिवस आहेत ना, भरपूर आहेत. एक दिवस झोप.

प्रश्न : मी कुडाळकडचा. आजोबा दशावतारात राजपार्ट, म्हणजे राजाचं काम, करायचे. त्यांना मी आमच्या टेक्निकलचं सांगितलं तर हसले नि म्हणाले, "आमका तालीम कित्याक व्हयी?" ताई, खरंच, दशावतारात तालीम नाही, संहिता नाही, तरी लोक पहाटेपर्यंत बसतात. मग आपणच का हे सगळं करतो?

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांच्यापुढे मी काय बोलणार, संध्याकाळी देवळात बसून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवायचा, आज कुठलं आख्यान ते तिथेच ठरवायचं आणि बाकड्याला सिंहासन करून रात्रभर राज्य करायचं, हे आमच्यातल्या एकालाही जमायचं नाही.

पण आजोबा म्हणतात तसं तालीम नसते हे मला पटत नाही. दशावतारातला पेटीवाला आणि मृदंगवाला तुझ्या आजोबांच्या बाजूलाच बसलेले असतात, स्टेजवर, त्यांच्या तोंडाकडे बघत. राजा चिडला की मृदंग चिडतो, राजाने श्वास घेतला की पेटीवाला थांबतो. वर्षानुवर्षं एकाच कंपनीत, एका टेम्पोतून जत्रांमागून जत्रा केलेली माणसं ती, त्यांचा क्यू वहीत नसतो, नजरेत असतो. आणि उजेड एकच, पूर्वी गॅसबत्ती आता हॅलोजन, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेटलेला, ब्लॅकआउटच नाही तर अंधारात पडणार कोण? आपल्या नाटकात म्युझिकवाला बसलाय हॉलच्या मागे काचेच्या खोलीत, लाइटवाला दुसऱ्या कोपऱ्यात, दोघांना नटाचा चेहरा कधी दिसतो कधी नाही, आणि दोघांची एकमेकांशी ओळख त्याच दिवशी झालेली. एका जागी बसलेली माणसं आपण तीन जागी टाकली, म्हणून ही रात्र लागते.

आणि आजोबांना हेही विचार की हल्ली ते ट्रिकसीनवाले दशावतार लागतात, देव प्रकट होतो, धूर येतो, नाग निघतो, ती मंडळी दुपारी येऊन वायरी लावून एकदा करून बघत असतील की नाही? देव प्रकट व्हायच्या वेळी धूर आलाच नाही तर दशावतारातला तो विनोदी राक्षस, संकासूर, तोही काही करू शकणार नाही. (करेल म्हणा, संकासूर काहीही करू शकतो.)

प्रश्न : नमस्कार. आम्ही राजापूर तालुक्यातल्या एका वाडीचं मंडळ, गणपतीत नाटक करतो. मी दिग्दर्शन करतो, वय ५८. चाकरमानी दोन दिवस आधी येतात, स्टेज देवळासमोर उघड्यावर. टेक्निकल वगैरे आम्हाला शक्य आहे का, की ते शहरातल्यांसाठीच?

उत्तर : दादा, नमस्कार. तुम्हालाच जास्त लागते.

पण तुमची अडचण वेगळी आहे, उघड्यावर दिवसा टेक्निकल होतच नाही. उन्हात लाइट लावून बघणं म्हणजे भर दुपारी फटाका. त्यामुळे आदल्या रात्री आरती, भजन उरकलं की साडेदहाला बसा आणि पूर्ण नाटक करू नका, वेळ नाही. प्रत्येक प्रवेशाचं फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य घ्या, आणि जिथे लाइट बदलतो किंवा म्युझिक येतं तिथलं मागचं-पुढचं एकेक वाक्य. मधलं सोडा. दोन अंकी नाटक असं दीड-दोन तासांत होतं, मुंबईची मंडळी सुद्धा यालाच क्यू-टू-क्यू म्हणतात, वेगळं काही नाही.

दुसरं, लोड. देवळाच्या मीटरवरून वायर ओढता ना? साधा हिशोब करा, १५ अँपियरच्या प्लगवर २३० व्होल्टला साडेतीन हजार वॉटच्या आत राहायला हवं, म्हणजे हजार वॉटचे तीनच दिवे. त्याच बोर्डावर साउंडवाल्याचा अॅम्प्लिफायर आणि प्रसादाच्या चहाची इलेक्ट्रिक किटली लावलीत तर दुसऱ्या अंकात काय होईल ते तुम्हाला माहीत आहे, सगळ्यांनी एकदा पाहिलंय. वायरमनकडून आधी बघून घ्या, आणि टेक्निकलच्या रात्री सगळे दिवे एकदम पूर्ण लावून दहा मिनिटं ठेवा. वीज जायची असेल तर आदल्या रात्री जाऊ दे. गणपतीत पाऊस असतोच, तेव्हा जमिनीवर पडलेले वायरीचे जोड उचलून विटांवर ठेवा, नुसती टेप गुंडाळून ओल्या गवतात सोडू नका, ही मस्करी नाही. दिवा बदलताना हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तापल्यावर तिथेच फुटते. कोरड्या फडक्याने धरा.

चाकरमान्यांचं काय करायचं ते मला विचारू नका, त्यावर उपाय मला सापडला असता तर मी कॉलम लिहीत बसले नसते.

प्रश्न : मी चिपळूणकडे लाइट ऑपरेट करतो. प्रश्न नाही, तक्रार आहे. टेक्निकलला नट फोनवर रील बघतात, जागेवर उभं राहा म्हटलं की तोंड वाकडं करतात आणि प्रयोगानंतर म्हणतात माझ्या तोंडावर लाइटच नव्हता.

उत्तर : तुझं पत्र वाचून मला माझी लाज वाटली, कारण ही तोंड वाकडं करणारी बाई मीच होते.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात, गावाचं नाव नको, रात्री अडीचला माझ्या स्वगताचा लाइट लागत नव्हता. वर शिडीवर एक वयस्कर गृहस्थ, लुंगी नेसलेले, हातात पाना. मी खालून सगळ्यांदेखत म्हटलं, अहो काका, कधी लावणार, माझा चेहरा दिसायला हवा की नको? ते उतरले, काही न बोलता माझ्या जागी येऊन उभे राहिले, आणि खडूने जमिनीवर एक फुली मारली. म्हणाले, "ताई, ही तुमची जागा. संध्याकाळपासून चार वेळा तुम्ही हिच्यापुढे दोन पावलं उभ्या राहिलात, दर वेळी मी दिवा पुढे घेतला, मग तुम्ही मागे गेलात." बस, एवढंच. आवाज चढवला नाही. मी त्या नाटकाच्या चाळीसएक तालमी केल्या होत्या आणि त्या माणसाने ते नाटक त्या संध्याकाळी पहिल्यांदा बघितलं होतं, तरी माझी जागा त्यांना माहीत होती नि मला नव्हती. प्रयोगात मी त्या फुलीवर उभी राहिले आणि काय सांगू, डोळ्यांत पाणी होतं ते पाचव्या रांगेतून दिसलं म्हणे.

म्हणून नटांना माझं सांगणं, फोन मेकअपरूममध्ये ठेवा. पण तुलाही एक सांगते, रागावू नको. तू पहिल्यांदा नाटक बघतोस ते टेक्निकललाच, हे बदल. शेवटच्या तीन तालमींना ये, वही-पेन्सिल घेऊन मागे बस. पेन्सिलच, पेन नको, कारण क्यू बदलतात. नट तुला ओळखायला लागले की तोंड वाकडं करायचं प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही. स्पर्धेत अभिनयाला रौप्यपदक असतं तसं प्रकाशयोजनेलाही बक्षीस असतं, पण ते योजना करणाऱ्याला, रात्रभर बटणं दाबणाऱ्याला नाही, ही गोष्ट मला नेहमी खुपते.

प्रश्न : चष्मा काढून काम करते, ब्लॅकआउटमध्ये काहीच दिसत नाही, टेक्निकलला दोनदा धडपडले. (वेंगुर्ला)

उत्तर : चष्म्याचा दोष कमी आहे, लख्ख उजेडातून काळोखात आलं की चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही. डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ब्लॅकआउट असतो दहा सेकंदांचा. विंगेत उभी असशील तर एन्ट्रीआधी डोळे मिटून घे, स्टेजवर असशील तर शेवटच्या वाक्याला समोरच्या दिव्यात टक लावून बघू नको. आणि पावलं मोज, विंगेत कुणाला तरी हात पुढे करून उभं कर.

लेव्हलच्या कडेला रेडियमची पट्टी लावा पण विकत घेताना नीट बघा. नंबरप्लेटवाल्याकडे मिळते ती गाडीची, तिच्यावर उजेड पडला तरच चमकते, काळोखात तिचा काही उपयोग नाही. काळोखात स्वतः हिरवट उजळते ती वेगळी, आणि तिला आधी उजेड खाऊ घालावा लागतो, सावलीत लावलीत तर तीही आंधळी.

प्रश्न : दोन मिनिटांत पाचवारीतून नऊवारीत जायचंय. होईल? (मालवण)

उत्तर : नेसून होणार नाही. शिवलेली घे, आणि बदल टेक्निकलला खऱ्या कपड्यांत, खऱ्या काळोखात, घड्याळ लावून तीनदा कर. मदतीला एकच बाई, तीच प्रयोगालाही. दोन मदतनीस असल्या की एक निरी धरते आणि दुसरी तीच निरी सोडते. टिकली आरशाला नाही, मदतनिसाच्या मनगटावर चिकटवून ठेव. दमट हवेत खोट्या केसांचा गोंद सुटतो, तेव्हा अंबाड्याला पिना दुप्पट.

प्रश्न : म्युझिक मोबाइलवरून ब्लूटूथने सोडलं तर चालेल का? (लांजा)

उत्तर : नको. ब्लूटूथला आवाज जरा उशिरा पोचतो, थोबाडीत मारलेली दिसते नि फटका नंतर ऐकू येतो. शिवाय मध्येच तुटतं. वायर लाव, फोन फ्लाइट मोडवर टाक. आमच्या एका प्रयोगात मरणाच्या प्रसंगी शहनाईच्या जागी स्पीकरवरून रिंगटोन वाजली आणि ऑपरेटरच्या आईचा आवाज आला, जेवायला येतोस ना. त्यानंतर आम्ही लॅपटॉप घेतला.

प्रश्न : टेक्निकलच्या रात्री मंडळींना खायला काय द्यावं? माझ्याकडे ती जबाबदारी आलीय. (गुहागर)

उत्तर : हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि तो शेवटी आला. भजी नको, तेलकट नको, घशाला खवखव होते नि तेलकट हात पडद्याला पुसले जातात. उकड्या तांदळाची पेज, लिंबाचं लोणचं, जमलं तर पोह्याचा भाजका पापड. मुलं नाक मुरडतील, अकरा वाजता बघ टोप खरवडतील. दही-ताक रात्री नटांना देऊ नको, गार हवेत काहींचा आवाज बसतो. केळी ठेव. पाणी प्रत्येकाच्या नावाची बाटली करून, नाहीतर कुणाची कोणती यावरून भांडणं. आणि वाढायला सुरुवात स्टेजवरून करू नको, शिडीवर आहेत त्यांना आधी खाली बोलाव, ते स्वतःहून उतरत नाहीत आणि नट एकदा बसले की टोपात काही उरत नाही.